पोरीची फिल्म आणि माझी देवी

८ फेब्रुवारी, रविवार

देवघरापर्यंत चपला!

पाटावर बसून पोथी वाचत होते. मागून आवाज आला, ‘इथचा उजेड भारी आहे बे.’ वळून पाहते तर लांब केसांचा एक पोट्टा माझ्या देवांकडे मोबाइल धरून उभा. पायात चप्पल. त्याच्या मागे एक मुलगी, तीही चपलेत. आणि त्यांच्या मागे आमची हर्षा — तिनं काढल्या होत्या का? नाही.

म्हटलं, भाऊ, आधी चपला बाहेर. तो ‘सॉरी काकू’ म्हणाला, चपला काढल्या, हातात धरल्या आणि तिथेच उभा राहिला. हातात!

मुलगा रत्नदीप, सेवाग्रामचा, वडील दवाखान्यात कामाला आहेत. मुलगी वर्षाली, हिंगणघाटची. तिघंही वर्धेला एकाच वर्गात. शेवटच्या वर्षाला म्हणे फिल्म करून द्यावी लागते, पंधरा-वीस मिनिटांची, त्यावर मार्क. हर्षाला तीच फिल्म पुढे पुण्याच्या शाळेत पाठवायची आहे — तिथे फिल्म करायलाच शिकवतात. पुण्याची ही गोष्ट मला वर्षालीच्या तोंडून कळली. लेक माझी, बातमी परक्यांकडून.

तर घर पाहिजे. आमचंच पाहिजे, कारण ते फुकट आहे. अख्ख्या समुद्रपुरात दुसरं घर नाही!

गोष्ट काय आहे विचारलं. हर्षा म्हणाली, ‘एका बाईची. घरातल्या बाईची.’ म्हटलं, बरं. निदान मारामारी तरी नाही.

हिशेब लिहायला वही काढली. चहा-साखर लिहून झाली तरी राग उरला. म्हणून मागच्या पानापासून हे सुरू करते आहे. इथे कोणी पाहत नाही.


११ फेब्रुवारी

ह्यांना विचारलं. म्हणाले, ‘करू दे ना, दोन-चार दिवसाचा प्रश्न आहे. पुढं तं सासरीच जायची आहे.’ बसस्टँडजवळच्या आपल्या बी-खताच्या दुकानाचं शटर ओढतात तसं बोलतात. एक वाक्य, धाडकन खाली, कुलूप. मग बी-खताची यादी घेऊन बसले.


१४ फेब्रुवारी, शनिवार

आज शूटिंग. सगळ्या खिडक्यांना पेपर चिकटवले, त्यावर काळा कागद. भर दुपारी घरात अमावस्या! माझी तुळस उचलून मोरीजवळ नेऊन ठेवली — फ्रेममध्ये येत होती म्हणे. धूर पाहिजे म्हणून माझ्या धुपाचा अख्खा पुडा जाळला. शेजारच्या शकुंतलाबाई धावत आल्या, काय जळते म्हणून. म्हटलं, काही नाही, शिक्षण चालू आहे.

इतका काळोख कशाला, विचारलं. रत्नदीप म्हणाला, ‘काकू, मनातला काळोख दाखवायचा आहे.’ म्हटलं, मनातला दाखवाले माह्या खिडक्या कायले पायजे? वर्षाली हसली. हर्षानं तिच्याकडे असं पाहिलं की बिचारी गप्प झाली.

आणि कुंकू! करंडा उघडा, रिकामा. एका वाटीत तेलात कालवून ठेवलेलं — रक्त म्हणून. माहूरहून आणलेलं कुंकू होतं ते. गडावर रांगेत उभं राहून आणलेलं. रत्नदीप म्हणतो, ‘सायंकाळी पाकीट आणून देतो काकू.’ पाकीट!

हर्षा तर कागदावर टिकमार्क करत उभी होती. पोटची पोर, पण सायबिणीसारखी.


१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र

उपास. ओट्यामागे अंड्याच्या रोलचा तेलकट कागद सापडला. कालचा. ओटा धुतला. परत धुतला. शंभो.


२१ फेब्रुवारी, शनिवार

रागात लिहिते आहे. अक्षर वाईट येईल, येऊ दे.

दुपारी शेतावर गड्याला भाकर द्यायला गेले होते. परत आले तर बाहेरूनच ढोल ऐकू आला. मोबाइलवरचा. मधल्या खोलीचं दार ढकललं — माझ्या पाटावर वर्षाली. माझी हिरवी साडी नेसलेली, नवरात्रातली. केस सोडलेले, कपाळभर कुंकू, डोळे पांढरे, जीभ बाहेर. मान गरागरा फिरवून राहिली. आणि माझी लेक समोर बसून सांगते, ‘अजून. अजून जोरात घुम. ती रागात आहे.’

साडी माझी. पाट माझा. ती कोण, हे विचारायची गरजच नव्हती.

आमच्या घरची देवी माहूरची. आधी सासूबाईंच्या अंगात यायची. त्यांचे गुडघे गेले, पाटावर बसता येईना, तेव्हा बंद झाली. आणि पुढच्याच अष्टमीला माझ्या अंगात आली. हर्षा तेव्हा चौथीत होती. चैत्रातल्या अष्टमीला येते, आश्विनातल्या येते. गल्लीतल्या बाया जमतात, आपापलं विचारतात. तळपाय थंड पडले, पोटातून काहीतरी वर चढू लागलं — इथपर्यंत मला आठवतं. पुढचं काही नाही. उठते तेव्हा अंग ठेचल्यासारखं, आणि लोक सांगतात, देवी असं असं म्हणाली. आजवर कोणाचा रुपया घेतला नाही. आलेले नारळसुद्धा फोडून वाटून टाकते.

ते माझं सगळ्यात पवित्र. आणि ही त्याची जीभ बाहेर काढून नक्कल करवून घेते. माझ्या घरात. माझ्या साडीत.

मोबाइल बंद केला. वर्षालीला म्हटलं, साडी सोड. ती पोरगी रडायला लागली. रत्नदीपनं मुकाट्यानं दिवे आवरले. हर्षा म्हणाली, ‘आई, एकच सीन राह्यला.’ एकच सीन!

तिघांनाही बाहेर काढलं. हर्षाला पण. सात वाजता परत आली, जेवली नाही. मीही वाढलं नाही.


२२ फेब्रुवारी

आज तिनं अख्खी गोष्ट सांगितली. मी विचारली म्हणून. सांगताना घाबरली नाही, हे वहीत लिहून ठेवते.

तिच्या फिल्ममध्ये एक बाई आहे. घरात तिचं कोणी ऐकत नाही. मग तिच्या अंगात देवी येऊ लागते. मग सगळे ऐकतात. मग ती देवी वरचेवर येऊ लागते. आणि शेवटी ती बाई देवीतून परत येतच नाही. घरचे तिला पाटावर बसवून ठेवतात, रोज पाया पडतात, आणि चहा करायला दुसरी बाई आणतात.

म्हटलं, मी वेडी आहे असं दाखवतेस तर लोकांना.

‘वेडी नाई म्हणत मी.’

‘मग ढोंगी?’

‘ढोंगी पण नाई. आई, तू रागावते तेव्हा बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात. देवी रागावते तेव्हा हात जोडून उभे राह्यतात. मी लहानपणापासून पाह्यते. मले एवढंच दाखवाचं आहे.’

मी तिला मारलं नाही. हात उचलला होता.


२३ फेब्रुवारी

वर्धेला गेली. डबा घेतला नाही. डबा करून ठेवला होता.


२६ फेब्रुवारी

तिचं ते टीव्हीचं वाक्य डोक्यातून जात नाही. तांदूळ निवडताना, फुलं वेचताना, जप करताना — जप करताना सुद्धा! मोठी आली मनातलं शिकलेली. तीन वर्षं कॉलेजात काय गेली, आईच्या अंगातलं काढून टेबलावर ठेवते.

संडासाचं घ्या. लग्न होऊन आले तेव्हापासून म्हणत होते, घरात बांधा, रात्री मागच्या रानात जायची भीती वाटते. पुढच्या वर्षी पाहू, पुढच्या वर्षी पाहू. मग एका अष्टमीला देवी म्हणाली म्हणे — ‘माही लेक उघड्यावर जाते, मी या घरात कशी राहू?’ दिवाळीच्या आत बांधून झाला. टाइल्ससकट.

ह्यांची दारू. मी रडले, माहेरी जाऊन बसले, काही नाही. देवीनं एकदा नाव घेतलं, बाटली गेली.

हर्षाचं वर्धेचं कॉलेज. तेही देवीनंच.

मग काय झालं? आई आहे ती. लेकीच्या मनातलं आईला नाही कळणार तर कोणाला कळेल? असं मी हर्षाला तोंडावर सांगायला हवं होतं. तेव्हा सुचलं नाही.

पण देवी माझ्या मनात नसलेलं कधीच का बोलली नाही?

हे लिहिलं खरं. खोडावंसं वाटतं. खोडणार नाही.


१ मार्च, रविवार

परत आले तिघं. मी बोलावलं नाही, सासूबाईंनी बोलावलं! म्हणाल्या, ‘पोरीचं वर्ष वाया जाईन रूपाली. फिल्मच तं आहे, येऊ दे.’ त्यांना गंमत वाटते. खुर्ची ओढून बसतात, सिरियल पाहावी तसं पाहतात.

माझ्या अटी सांगितल्या. माझी साडी नाही, माझा पाट नाही, देवघराकडे तोंड नाही. समोरच्या खोलीत करा, सतरंजीवर. रत्नदीपनं या वेळी चपला फाटकाबाहेर काढल्या, कुत्र्यानं एक पळवली. बरं झालं.

मी स्वयंपाकघरात. दूध गॅसवर ठेवलेलं. बाहेर ढोल सुरू, थांबला, परत सुरू. हर्षा म्हणते नाही जमत, परत घेऊ. वर्षाली म्हणते, मले नाई येत बे, मी कधी पाह्यलंच नाई. डोकावले. पोरगी अशी हलत होती की जशी काही गचक्यांच्या टेम्पोत बसली आहे. परत ती जीभ. आणि अंगात राग उसळला — नक्कल करता तर करता, तीही धड नाही! लोक हे पाहतील आणि म्हणतील, देवी अशी असते.

बाहेर गेले. म्हटलं, देवी जीभ नाही काढत. डोळे पांढरे नाही करत. मान सगळ्यात शेवटी. आधी तळपाय थंड पडतात, मग पोटातून चढतं, मग खांदे.

वर्षाली म्हणाली, ‘म्हणजे कसं काकू?’

म्हटलं, ‘असं.’ आणि सतरंजीवर बसले.

दाखवायलाच बसले होते. देवाशपथ दाखवायलाच. खांदे हलवले, श्वास ओढला, आवाज घशातून काढला. ढोल चालू आणि माणसं चूप. मी थांबणारच होते. तेवढ्यात खुर्चीवरून ज्यांना धरून उठवावं लागतं त्या सासूबाई उठल्या. आपल्या आपण. पायाशी येऊन पडल्या. ‘आई, माह्या गुडघ्याचं काय करू?’

तिथे थांबायला हवं होतं. हात धरून म्हणायला हवं होतं, आत्याबाई, मीच आहे. त्याऐवजी तोंडातून निघालं — ‘गोळी टाळते. औषध टाळणारीले मी काय देऊ?’ आवाज तोच. लोक मला नंतर नक्कल करून दाखवतात, तोच आवाज.

आणि हे बोलत असताना, दूध गॅसवर आहे, उतू जाईल, हे मला ठाऊक होतं. पूर्ण वेळ ठाऊक होतं. मी शुद्धीत होते.

कोणालाच कळलं नाही! वर्षालीनं डोळे मिटून हात जोडले होते. रत्नदीप कॅमेरा धरून थिजलेला. आणि हर्षा — जी देवी मानत नाही, जी मला मनातलं शिकवते — तिचेही हात जोडलेले.

उठले आणि दूध उतरवायला गेले. अर्धं गेलं होतं.


३ मार्च, होळी

सासूबाई गोळी वेळेवर घेतात. सकाळ-सायंकाळ, न सांगता. दिवाळीपासून मी मागे लागले होते, पाणी घेऊन उभी राहायची, तोंड फिरवायच्या. आज पोळी खाऊन झाल्याबरोबर स्वतःच म्हणाल्या, ‘माही गोळी दे वं.’

पाण्याचा गिलास देताना इतका राग आला! माझ्या तोंडचं चार महिने चाललं नाही. त्याच तोंडचं एकदा चाललं.


७ मार्च, शनिवार

हर्षा घरी. तिला म्हटलं, ते काढून टाक. तुझ्या कॅमेऱ्यात मी आहे ते.

म्हणाली, ‘आई, अख्ख्या फिल्ममध्ये तेवढंच खरं आहे.’

‘तेवढंच खोटं आहे. देवी नव्हती. मी होते.’

मला वाटलं आता म्हणेल, बघ, मी सांगत होते ना. ते म्हटलं असतं तर मी तिला माफ केलं नसतं. तिनं फक्त विचारलं, ‘मग आजीशी कोण बोललं?’

‘काढून टाक,’ म्हटलं.

तिनं रत्नदीपला फोन लावला. तो गयावया करत होता, फोनमधून ऐकू येत होतं — त्या सीनशिवाय शेवट नाही, फिल्म मरते, काकूंना समजाव. ही म्हणाली, ‘आई नाई म्हणते तं नाई.’ माझ्यासमोर त्याच्याकडून काढवून घेतलं. नंतर मोरीत जाऊन तोंड धुऊन आली. डोळे लाल.

मी तीन मंगळवार उपास धरला आहे. देवीच्या नावानं बोलले त्याचा. भगर-आमटीवर नाही, नुसत्या पाण्यावर.


९ मार्च

हर्षानं फिल्म दिली. कॉलेजात दिली, पुण्यालाही पाठवली. सर म्हणाले, अर्धवट वाटते. फोनवर आवाज मेलेला होता. मी म्हटलं, जेवलीस का. तेवढंच सुचलं.


१२ मार्च

आज कळलं, ह्यांचं वडनेरला बोलणं सुरू आहे. सुरू आहे म्हणजे होत आलं आहे! मुलगा अंकुश, घरची शेती, ठिबक आहे, सोसायटीत नोकरीला चिकटला आहे. वाईट नाही, मुलगा वाईट नाही. पण परीक्षा झाली की वैशाखात लग्न! मला विचारलं? पोरीला विचारलं?

म्हटलं, तिला पुढं शिकायचं आहे. पुण्याला. तिनं अर्ज केला आहे.

‘कायचं शिक्षण? फिल्मचं? लोकाईच्या घरात अंधार करून पोट भरते काय कोणी?’

म्हटलं, एक वर्ष थांबा तरी. मुलगी हुशार आहे, मी पाहिलं आहे तिचं काम. माझ्यावरच केलं आहे, तरी सांगते.

ह्यांनी रिमोट उचलला. आवाज वाढवला. कापसाच्या भावाची बातमी होती.

मी तिथेच उभी राहिले. रिमोटकडे पाहत. आवाज वाढवताना ह्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, इतकी सवय. इतक्या वर्षांत मी हे कधी पाहिलंच नव्हतं. पोरीनं दाखवलं नसतं तर दिसलंही नसतं. तिचाही राग आला. कशाला दाखवलं?

बातमी संपल्यावर सासूबाई म्हणाल्या, ‘अष्टमीले देवीचा कौल घेऊ न. मंग कर पक्कं.’ हे लगेच म्हणाले, ‘हो, ते तं आहेच. देवी म्हणन तसं.’

देवी म्हणेल तसं! मघाशी काय पाण्याची टाकी बोलत होती?


१९ मार्च, पाडवा

घट बसवले. माती, गहू, कलश. हात चालतात, मन नाही. दिवा लावताना विचारलं — येशील ना गं? खरी येशील ना?

या आधी कधी विचारावं लागलं नव्हतं.


२३ मार्च

पुण्याहून हर्षाला बोलावणं आलं. मुलाखतीला. फिल्म आवडली म्हणे त्यांना. अर्धवट आहे म्हणून सर नाराज होते, पुण्याच्या बाई फोनवर म्हणाल्या, संपवायची घाई केली नाही ते बरं केलं. हर्षा मला फोनवर हसत-रडत सांगत होती. मीही ओट्याशी उभी राहून हसले, कोणी नव्हतं म्हणून.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, ‘वडनेरवाल्याईले हे काऊन सांगाव? गप राहाय. परवा-तेरवा अष्टमी आहे, होऊन जाईन मोकळं.’


२४ मार्च, मंगळवार

तिसरा उपास. पोटात पाणी आणि राग, दुसरं काही नाही.

हर्षा दुपारच्या एसटीनं आली. बॅग ठेवली, पाणी प्यायली, आणि माझ्यासमोर खाली बसली. मला वाटलं पाया पडते. तर म्हणाली, ‘आई, अष्टमीले तू म्हण ना. देवी म्हणून. पोरीले पुण्याले जाऊ द्या, एवढंच. बाबा ऐकतीन. आजी ऐकन. तू तं करू शकते, मी पाह्यलं आहे.’

ऐकलं आणि डोक्यात काही उरलंच नाही. फिल्ममध्ये देवी खोटी, आणि अडलं की खरी! मला वाटेल ते बोलले. म्हटलं, तू तर तुझ्या बापापेक्षा पुढची निघालीस. तो निदान भिऊन हात जोडतो. तू तर तिला हमालीला लावतेस. म्हटलं, तुझ्या फिल्ममधल्या घरच्यांनी त्या बाईला पाटावर बसवून ठेवलं ना, तेच करतेस तू माझं!

ती रडली नाही. म्हणाली, ‘मंग मले वडनेरले पाठोव. तुह्या स्वतःचा आवाज तुलेच ऐकू येत नाई, मी काय करू?’

आणि उठून वर गच्चीवर गेली.

खूप वेळ झाला, खाली आली नाही. मी वर गेले नाही.

ती चुकीचं मागत होती. पण ती दुसरं कोणाकडे मागणार? माझ्याकडे मागून उपयोग नाही, हे तिला चौथीपासून माहीत आहे.


२५ मार्च

शकुंतलाबाई विचारून गेल्या, उद्या किती वाजता. त्यांना सुनेचं विचारायचं आहे. बाकी बायाही येणार. वडनेरचे दोघं येणार, मुलाची आई आणि काका. ह्यांनी स्वतः अंगणात सडा टाकला, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच.

उद्या देवीचा आवाज काढता येईल. कोणालाच कळणार नाही. एक ती सोडून.


२६ मार्च, अष्टमी

आरती झाली, ढोल झाला. मी पाटावर बसून राहिले. तळपाय कोमट होते. ती आली नाही.

सासूबाईंनी हात जोडून विचारलं, ‘आई, पोरीचं वडनेरले करू न?’

डोळे उघडे ठेवले. म्हटलं, ‘देवी नाई आली, आत्याबाई. मी बोलून राह्यली, रूपाली. पोरगी पुण्याले जाईल.’

कोणी पाया पडलं नाही.